परदेशातले साधे दही

पूजेच्या साहित्याची यादी काढताना दही आपण शेवटी लिहितो, पुष्कळदा लिहीतही नाही. ते घरात असतेच. पंचामृताला वाटीभर, काल्याला पातेलेभर, उत्तरपूजा झाली की गणपतीच्या हातावर चमचाभर आणि शिदोरीच्या दहीपोह्यांना थोडे. मुलगा परीक्षेला निघाला, मुलगी विमानतळाकडे निघाली, तरी हातावर दही ठेवायचे. दांडिया बाजार, रावपुरा या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या बडोद्याच्या घरांत विरजण विकत आणल्याचे निदान आमच्या लहानपणी तरी ऐकिवात नव्हते. शेजारचे गुजराती कुटुंब त्याला मेळवण म्हणते. त्यांचे संपले की आपल्याकडून जाते, आपले संपले की त्यांच्याकडून येते.

हातावरचे दही खाऊन विमानात बसलेली हीच मुले पलीकडे उतरली की आठ-पंधरा दिवसांत फोनवर विचारतात, इथे साधे दही कुठे मिळेल? दुकानात दह्याचे कपाटच्या कपाट भरलेले असते. पण त्यात स्ट्रॉबेरी, पीच, मध, व्हॅनिला. पांढरे दिसते म्हणून उचलावे तर ते व्हॅनिलाचे निघते आणि कढी फेकून द्यावी लागते. हे असे का झाले याला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. आम्ही राज्य सरकारच्या नोकरीतले, शिक्षण डिप्लोमापर्यंतचे. परदेश पाहिलेला नाही. वाचनातून आणि घरच्यांच्या पत्रांतून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

आधी एक खुलासा. सगळ्या परदेशाची ही गोष्ट नाही. इराणात दह्याला 'मास्त' म्हणतात आणि ते भाताबरोबर खातात. अरबांकडे 'लबन' आहे. तुर्कस्तानात आणि बल्गेरियात दह्यावाचून पान हलत नाही. 'योगर्ट' हा शब्दच मुळात तुर्की आहे. आखाती देशांत नोकरीला गेलेल्या आपल्या माणसांनी साध्या दह्याविषयी कधी तक्रार केली नाही, याचे कारण हेच. अडचण आली ती पश्चिम युरोपात, इंग्लंडमध्ये आणि अमेरिकेत. तिथे दूध, लोणी, चीज मुबलक होते, पण दही जेवणात नव्हते.

तिथे दही गेले ते औषध म्हणून. १९०५ साली स्तामेन ग्रिगोरोव्ह या तरुण बल्गेरियन विद्यार्थ्याने जिनिव्हाच्या प्रयोगशाळेत आपल्या गावाकडच्या आंबट दुधातले जंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यांचे वर्णन केले. त्यांपैकी एकाच्या नावात पुढे 'बल्गेरिकस' हा शब्द कायमचा आला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्या वेळी इल्या मेचनिकॉफ हे रशियन शास्त्रज्ञ होते. मोठ्या आतड्यात अन्न कुजते, त्यातून विषे तयार होतात आणि त्यामुळे माणूस लवकर म्हातारा होतो, असे त्यांचे मत होते. दह्यातले आम्ल ही कुजण्याची क्रिया थांबवते, असा त्यांचा तर्क होता. बल्गेरियातले शेतकरी दीर्घायुषी असतात ही गोष्ट त्यांनी त्याला जोडली आणि स्वतः रोज आंबट दूध घेऊ लागले. १९०८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ते दह्यासाठी नव्हते, रक्तातल्या पांढऱ्या पेशींसंबंधीच्या कामासाठी होते. पण नोबेल मिळालेला माणूस दही खा म्हणतो एवढे लोकांना पुरले. युरोप-अमेरिकेत आंबट दुधाची लाट आली. दह्याच्या जंतूंच्या गोळ्यासुद्धा विकल्या जाऊ लागल्या. मेचनिकॉफ १९१६ साली एकाहत्तराव्या वर्षी वारले. आपल्याकडे एकाहत्तरी गाठलेले दहीभातवाले कमी नाहीत, पण कुणी त्यांचे मत विचारायला आले नव्हते.

महाराज सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर बडोद्याचे विद्यार्थी परदेशी जात होते तो हाच काळ. डॉ. आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कला पोचले तेव्हा आंबट दुधाची ही लाट ओसरलेली नव्हती. पण औषधाच्या दुकानातले दही आणि जेवणाच्या ताटातले दही यांत अंतर असते.

हे अंतर पुढच्या हकिकतीत स्पष्ट दिसते. आयझॅक करासो हे सलोनिका शहरातले ज्यू व्यापारी. सलोनिका तेव्हा तुर्की साम्राज्यात होते, म्हणजे दह्याच्याच मुलखात. ते स्पेनमध्ये बार्सिलोनाला येऊन राहिले. तिथे लहान मुलांना पोटाचे विकार फार, म्हणून १९१९ साली त्यांनी दही तयार करून औषधाच्या दुकानांतून विकायला सुरुवात केली. मुलगा डॅनियल, त्याचे लाडके नाव दानोन; तेच दह्याला दिले. हा डॅनियल पुढे पाश्चर संस्थेत जंतुशास्त्र शिकला आणि १९२९ साली त्याने पॅरिसमध्ये धंदा सुरू केला. दुसऱ्या महायुद्धात नाझींपासून जीव वाचवून तो अमेरिकेला गेला. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात १९४२ साली त्याने आणि मेट्झगर या बापलेकांनी दह्याचा एक छोटा कारखाना घेतला. नावाचे स्पेलिंग अमेरिकन जिभेला जमेल असे केले. दही साधेच होते. गिऱ्हाईक कोण, तर तुर्की, ग्रीक, अरब, ज्यू असे बाहेरून येऊन वसलेले थोडे लोक. बाकीचे अमेरिकन चव घेऊन तोंड वाकडे करत.

मग १९४७ साली त्यांनी डब्याच्या तळाशी स्ट्रॉबेरीचा मुरंबा घातला. खप वाढला तो इथून. दह्यात मुरंबा घालण्याची कल्पना मात्र त्यांची पहिली नव्हे. प्रागच्या राडलित्से डेअरीने १९३३ सालीच दह्यावर मुरंब्याचा थर देऊन त्याचे पेटंट घेतले होते. तिथे हेतू वेगळा होता. वरून हवा लागून दही खराब होऊ नये म्हणून तो थर होता. म्हणजे एकीकडे झाकण म्हणून आणि दुसरीकडे गिऱ्हाईक ओढायला म्हणून साखर दह्यात शिरली आणि मग तिनेच घर बळकावले. १९६० नंतर इंग्लंडमध्येही फळांच्या दह्याचे पेव फुटले.

साखरेला आम्ही नावे ठेवत नाही. दहीसाखर आपणही खातो आणि श्रीखंडात चक्क्याच्या बरोबरीने साखर घालताना आपला हात आखडत नाही. पण आपल्याकडे आंबट दह्याला जेवणात स्वतःची जागा आहे. कोशिंबीर, कढी, मठ्ठा, भात, थालीपीठ या सगळ्यांत ते मिठाच्या सोबतीने बसते. पश्चिमेकडे ते आधी औषधाच्या कपाटात गेले आणि तिथून निघाले तर थेट जेवणानंतरच्या गोडाच्या बशीत. मधल्या ताटात त्याला पाट मांडलाच नाही. ताटात जागा नसलेला आंबट पदार्थ एक तर कडू औषध होतो, नाही तर गोड खाऊ. भावप्रकाशात दह्याचे पाच प्रकार दिले आहेत: मंद, स्वादु, स्वाद्वम्ल, अम्ल आणि अत्यम्ल. म्हणजे अर्धवट लागलेल्या दह्यापासून दात आंबवणाऱ्या दह्यापर्यंत. यातले 'स्वादु' म्हणजे गोड, पण साखर घातलेले नव्हे. आपल्या बायका ज्याला अधमुरे म्हणतात त्याच्या जवळचे ते. आंबटपणाच्या इतक्या पायऱ्या ज्यांना ठाऊक आहेत त्यांना दुकानातली एकच गोड पायरी कशी पुरणार?

जपानचे उदाहरण मजेदार आहे. १९७० साली ओसाका शहरात जागतिक प्रदर्शन भरले, तिथे बल्गेरियाच्या दालनात लोकांनी खरे आंबट दही चाखले. त्यावरून मेइजी कंपनीने १९७१ साली साधे दही बाजारात आणले. जपान्यांना त्याआधी गोड, घट्ट वडीसारखे दही माहीत होते. हे आंबट म्हणजे नासलेले असणार, असे अनेकांना वाटले. कंपनीने दही आंबटच ठेवले आणि डब्याबरोबर साखरेची पुडी दिली. आमच्या मते या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत सभ्य तोडगा आहे. ज्याला हवी त्याने घालावी.

आता आपल्या माणसांकडे येऊ. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचे, तेव्हा मराठी घरे तिथे जुनीच. अमेरिकेने १९६५ साली कायदा बदलल्यावर आपले डॉक्टर-इंजिनीअर मोठ्या संख्येने तिकडे गेले. आमच्या एक आत्याबाई १९७४ साली लग्न होऊन ओहायो राज्यातल्या एका लहान गावी गेल्या. त्यांची निळ्या एरोग्रामवरची पत्रे आमच्या घरी अजून आहेत. पहिल्या पत्रात बर्फ, दुसऱ्यात दही. गावातल्या दुकानात फक्त फळांचे दही होते आणि जवळचे मराठी घर मोटारीने दीड तासावर. आमच्या आजीने उत्तर म्हणून काय केले असेल? जुन्या मलमलीच्या तुकड्याला घट्ट दही फासले, सावलीत वाळवले, पुन्हा फासले, पुन्हा वाळवले आणि तो तुकडा पाकिटात घालून पाठवला. ही आजीची अक्कल नव्हे, जुनी रीत आहे. यात्रेला जाणारे लोक विरजण असेच नेत असत. वाळलेल्या अवस्थेत दह्याचे जंतू सगळे मरत नाहीत, कोमट दुधात पुन्हा जागे होतात. आत्याबाईंचे पहिले दूध नुसते तारेचे आणि बुळबुळीत झाले. त्यातलेच चमचाभर घेऊन दुसऱ्यांदा लावले, ते बरे लागले. तिसऱ्या खेपेला दही झाल्याचे पत्र आले तेव्हा आजीने देवापुढे साखर ठेवली. पुढे त्या भागातल्या सात-आठ भारतीय घरांत तेच विरजण फिरत होते. सुट्टीत भारतात यायचे तर आधी विरजण दुसऱ्याच्या घरी पोचवायचे, मग बॅगा भरायच्या. त्या घरांत तमिळ होते, पंजाबी होते, एक बंगाली होते. दही मात्र बडोद्याचे.

विरजण असूनही दही का बिघडे, हे आत्याबाईंनी पुढच्या पत्रांतून हळूहळू लिहिले आहे. आम्ही यंत्रांच्या शाखेतले, त्यामुळे तापमानाचा हिशेब आम्हाला विशेष आवडला. आपल्या घरगुती विरजणात साधारण २० ते ३० अंशांत वाढणारे जंतू पुष्कळ असतात. रात्री ओट्यावर ठेवले की सकाळी दही, ते त्यांच्यामुळे. परदेशी योगर्टचे जंतू वेगळे. त्यांना ४० ते ४५ अंश लागतात, आणि ते मिळाले तर चार-पाच तासांत दही लागते. दुकानातल्या योगर्टचे विरजण लावून भांडे ओट्यावर ठेवले तर सकाळी दूध दूधच राहते. यावर प्रत्येक देशात घरोघर वेगळी युक्ती निघाली. अमेरिकेतल्या जुन्या गॅसच्या ओव्हनमध्ये एक बारीक ज्योत रात्रंदिवस तेवत असे. ओव्हन न पेटवता भांडे आत ठेवले की काम होई. इंग्लंडमध्ये गरम पाण्याच्या टाकीभोवती कपडे सुकवायचे कपाट असते. तिथे टॉवेलांच्या शेजारी दही लागे. कुणी भांडे घोंगडीत गुंडाळी, कुणी रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये दूध ओती.

दुसरी अडचण दुधाची. तिकडे दूध पाश्चराइज केलेले येते म्हणून कुणी उकळत नाही. पण ७२ अंशांवर पंधरा सेकंद तापवणे जंतू मारायला पुरते, दही घट्ट व्हायला पुरत नाही. दूध उकळीच्या जवळ नेऊन थोडा वेळ तसेच ठेवले की त्यातली प्रथिने उलगडतात आणि दह्याचे पाणी धरून ठेवतात. आपल्याकडे दूध आले की आधी तापवायचे, ही सवय दूध नासू नये म्हणून पडली. घट्ट दह्याचा लाभ न मागता पदरात पडला. नव्या घरात ही पायरी गाळली गेली आणि दही पातळ का होते हे कुणाला कळेना.

तिसरी गोष्ट आत्याबाईंना सगळ्यांत जास्त लागली. तिकडचे दूध होमोजिनाइज केलेले, म्हणजे दाबाखाली स्निग्धांशाचे कण इतके बारीक केलेले की साय वर येतच नाही. इंग्लंडमध्ये रुपेरी झाकणाच्या बाटलीत वर मलईचा थर असे, अमेरिकेतल्या दुकानात तेही नाही. साय नाही म्हणजे सायीचे दही नाही, लोणी नाही, आंबूस ताक नाही, कणीदार तूप नाही. विरजणापासून तुपापर्यंतची साखळी तिथे मधेच तुटते. तूप आजही तिकडे बिनमिठाच्या बटरचे कढवतात. चांगले होते म्हणतात. आत्याबाई तसे कधी म्हणाल्या नाहीत.

एक शोध मात्र लाख मोलाचा. अमेरिकन दुकानांत बटरमिल्क नावाने कार्टनमधून जे विकतात ते पॅनकेक, बिस्किटे करायला वापरतात. ते आपले ताक नव्हे. घुसळून काढलेले नसते, दुधाला जंतू लावून आंबवलेले असते. पण त्यातले जंतू आपल्या घरगुती विरजणाच्या जातकुळीतले, ओट्यावरच्या हवेत वाढणारे आहेत. ते विरजण म्हणून लावले तर दह्याची चव घराच्या जवळ जाते. कित्येक भारतीय घरांनी हे स्वतःच्या स्वयंपाकघरात करून पाहिले आणि एकमेकींना सांगितले.

आपण एकटेच हे करत होतो असे नाही. मॅसॅच्युसेट्स राज्यात अँडोव्हर इथे सार्किस आणि रोझ कोलंबोसियन हे आर्मेनियन दांपत्य १९२९ पासून घरचे दही घोडागाडीतून विकत असे. आर्मेनियन भाषेत दह्याला 'मात्सून' म्हणतात. आडनाव लोकांना उच्चारता येईना म्हणून दह्याचे नाव 'कोलंबो' ठेवले. घरगुती दह्याचा तो मोठा धंदा झाला, १९९३ साली एका बड्या कंपनीने तो विकत घेतला आणि २०१० साली बंद केला. सुपरमार्केट गोडाच्या मागे लागले तेव्हा साधे दही अशा घरांनी आणि त्यांच्या लहान दुकानांनी टिकवले. गावात ग्रीक, आर्मेनियन किंवा लेबनीज वाण्याचे दुकान सापडले की आपल्या लोकांचा दह्याचा प्रश्न सुटे, असे आम्ही अनेकांकडून ऐकले आहे.

कोलंबो बंद पडले त्याच सुमारास वारे फिरले होते. हमदी उलुकाया नावाचा तुर्कस्तानातून आलेला कुर्द तरुण, घरचा धंदा मेंढ्यांचा आणि चीजचा. त्याने २००५ साली न्यूयॉर्क राज्यातल्या साउथ एडमेस्टन गावातला बंद पडलेला दुधाचा कारखाना विकत घेतला आणि २००७ पासून 'चोबानी' नावाने घट्ट दही विकायला काढले. त्याआधी अथेन्सच्या फागे कंपनीचे दही अमेरिकेत येऊ लागलेच होते. याला तिकडे ग्रीक योगर्ट म्हणतात. बरणीत बोट घालून आपण काय म्हणू? चक्का! फडक्यात बांधून टांगण्याऐवजी तिथे यंत्राने पाणी काढतात एवढेच. आपल्या बडोदा डेअरीनेही चक्क्याचे पाणी यंत्राने काढून 'सुगम' श्रीखंड केले, तेव्हा बडोदेकरांना यात नवल वाटायचे कारण नाही. या लाटेने साखर गेली नाही, मधाचे आणि ब्लूबेरीचे ग्रीक योगर्टही निघाले. पण साध्या दह्याला दुकानात पुन्हा मोठी फळी मिळाली. न्यूयॉर्क राज्याने तर २०१४ साली कायदा करून योगर्टला राज्याचा अधिकृत अल्पोपाहार ठरवले. सरकारी फायली रोज हाताळणाऱ्या आम्हाला त्या फायलीवरचे शेरे वाचायला फार आवडले असते.

चक्क्याबरोबर चक्क्याचे पाणीही आले. एक भाग घट्ट दह्यामागे दोन-तीन भाग पाणी निघते. ते आंबट असते आणि नदीनाल्यात सोडले तर पाण्यातला प्राणवायू संपून मासे मरतात. तिथल्या कारखान्यांना ते टँकरने शेतावर किंवा गुरांच्या खाद्यात पाठवावे लागते. आपल्याकडे दसऱ्याच्या आदल्या रात्री टांगलेल्या फडक्याखालच्या पातेल्यातले पाणी सकाळी कढीत जाते, उरले तर कणकेत. कारखान्याला एवढी कढी कोण खाणार, हा प्रश्न उरतोच.

आता इकडचेही पाहू. आपल्या कॉलनीतल्या दुकानात आंब्याचे, स्ट्रॉबेरीचे दही फ्रिजच्या वरच्या कप्प्यात आले आहे आणि साध्या दह्याच्या पिशव्या खालच्या. नोकरी करणाऱ्या घरांत विरजण आठवड्याने नव्हे, महिन्याने मोडते, आणि मोडले की शेजारी वाटी जात नाही, पिशवी येते. ओहायोत आत्याबाईंचे विरजण त्यांच्या सुनेने चालू ठेवले आहे. आमच्याकडचे मात्र आजीच्या काळातले राहिलेले नाही, दोनदा पिशवीवरून नव्याने लागले.

यंदा मंडळातली काही मुले शिकायला बाहेर चालली आहेत. त्यांच्यासाठी पत्रांतून जमवलेले थोडे. डब्यावर 'प्लेन' आणि 'अनस्वीटन्ड' दोन्ही शब्द पाहावेत. पांढरा रंग पाहून फसू नये. घटकांच्या यादीत दूध आणि जंतू एवढेच असावे. तिकडच्या काही दह्यांत घट्टपणासाठी जिलेटिन घालतात. ते प्राण्यांपासून करतात, तेव्हा नैवेद्याला आणि शाकाहाऱ्यांना ते चालणारे नाही. जंतू जिवंत असल्याचे लिहिलेले नसेल तर विरजण लागणार नाही. जर्मनीत 'नाटुअरयोगुर्ट' शोधावे, आणि चक्क्याची निकड पडली तर तिथला 'क्वार्क' त्याच्या बराच जवळ जातो. दूध पूर्ण स्निग्धांशाचे घ्यावे, उकळावे, करंगळी सोसवेल इतके निवू द्यावे. अर्ध्या लिटरला चमचाभर विरजण पुरे. योगर्टचे असेल तर भांडे उबेत हवे, त्यासाठी दिवा लावलेला बंद ओव्हन चालतो. बटरमिल्कचे असेल तर ओट्यावर रात्रभर झाकून ठेवावे, थंडीत दुपारपर्यंत. लागताना हलवू नये. आणि खाण्याआधी दोन चमचे वेगळ्या वाटीत काढून ठेवावेत.